एका झाकणाचे मूळपण

जुन्या मोटारीच्या चाकाच्या मध्यभागी बसणारे लहान झाकण, म्हणजे सेंटर कॅप, दिसायला किरकोळ असले तरी गाडीचा इतिहास ताडण्यास ते मोलाचा पुरावा ठरते. फेरारीने 1969 ते 1974 या काळात तयार केलेल्या डिनो 246 या इटालियन स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्यांची चाके एकाच मोठ्या मध्यवर्ती नटाने, तर नंतरच्या गाड्यांची पाच बोल्टांनी बसवलेली असल्यामुळे एकाच नावाच्या गाडीचे मधले भाग परस्परांना लागू पडत नाहीत. दाबून बसवलेली झाकणे खड्ड्यांच्या हादऱ्याने निखळतात, सहज चोरीला जातात आणि त्यांच्या जागी हुबेहूब दिसणाऱ्या प्रतिकृती येतात. म्हणून अस्सल झाकणाचा शोध घेणाऱ्याने प्रथम चासी क्रमांकावरून, म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या ओळख-क्रमांकावरून, गाडीची मालिका निश्चित करावी, कारखान्याच्या सुट्या भागांच्या सूचीतील क्रमांक पाहावा, चाकातील भोकाचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजावा आणि झाकणाची मागील बाजू, तिच्यावरील खुणा व पकडी यांची अस्सल नमुन्याशी तुलना करावी. किंचित झिजलेले अस्सल झाकण चकचकीत नकलेपेक्षा श्रेष्ठ असते. ते घासून नवे करण्याचा मोह संग्राहकांनी कटाक्षाने टाळावा.