येरवड्याची सतरंजी

गेल्या दिवाळीपूर्वी पुण्याहून देवगडला परतताना मी येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रातून एक सतरंजी आणली. वीण घट्ट, कडा सरळ, रंग पक्का. बाजारपेठेतील एक व्यापारी स्नेही घरी आले असता तिच्यावर हात फिरवून त्यांनी भाव विचारला. ती कोठली हे कळताच मात्र त्यांचा हात थबकला. "साहेब, माल उत्तम आहे, पण गिऱ्हाइकाला सांगू काय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपला हापूस देवगडच्या नावावर विकला जातो. तुरुंगातील मालाला मात्र गावाचे नावच आडवे येते. तरी याच येरवड्यात कैदेत असताना गांधीजींनी पेटीत मावणाऱ्या चरख्यावर परिश्रम घेतले आणि तो 'येरवडा चक्र' याच नावाने देशभर गेला. दिल्लीच्या तिहार कारागृहाने 'टीजे' हे नाव घेऊन पाव-बिस्किटे बाजारात आणली. नाशिकरोडच्या बंद्यांनी घडविलेल्या गणेशमूर्ती लोक श्रद्धेने घरी नेतात. आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांच्या प्रेरणेने मध्य प्रदेशातील सागर कारागृहात हातमाग सुरू झाले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

माझ्यातला बँकवाला मात्र नावापेक्षा पुरवठ्याकडे पाहतो. सणासुदीच्या प्रदर्शनात कौतुकाने खरेदी होते, पण ती एकदाच. दुकानदाराला तेच माप, तोच रंग पुढच्या खेपेसही हवा असतो. कारागृहात नेमकी हीच अडचण आहे. हात बसतो न बसतो तोच कारागिराला जामीन मिळतो, बदली होते वा शिक्षा संपते. ही अडचण अर्थातच आनंदाची! म्हणून मागणी लहान, पण नियमित द्यावी, असे माझे मत आहे.

आणि भाव पाडून मागू नये. सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली बंद्यांना न्याय्य मजुरी द्यावी व तिचा काही अंश गुन्ह्याची झळ पोचलेल्यांसाठी राखावा, असे सांगितले. अमेरिकेत तर बाहेरच्या कामगारांचे पोट मारले जाऊ नये म्हणून तुरुंगातील मालाच्या आंतरराज्य व्यापारावर 1935 साली कायद्याने बंधन आले. आपल्या विणकरांवरही ती पाळी येऊ नये.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नोकरीत असताना एक सुतार कर्जासाठी माझ्यापुढे आला होता. कोठे शिकलास, या प्रश्नावर तो क्षणभर थांबला आणि खरे बोलला. त्याने सोबत आणलेला पाट निर्दोष होता. मी कागद अपुरे असल्याचे सांगून अर्ज परत केला. कागद खरोखरच अपुरे होते. परंतु इतरांना ते पुरे करण्यास मी मुदत देत असे.

स्नेह्यांनी अखेर सहा सतरंज्या मागविल्या आहेत. पाटीवर 'येरवडा' लिहावे की नुसते 'हातमाग', यावरून पिता-पुत्रांत अद्याप वाद चालू आहे. मुलगा लिहा म्हणतो.