फरशी कापताना पाण्याची धार अखंड हवी

नव्या घरात पाऊल टाकणाऱ्याचे लक्ष प्रथम जाते ते जमिनीकडे. फरश्यांचे सांधे एका रेषेत आहेत, भिंतीलगतची पट्टी नेमकी बसली आहे, न्हाणीघरातील जाळीभोवतीचा काप स्वच्छ आहे, हे पाहून गृहस्वामी समाधान पावतो. हे समाधान त्याच्या पदरी पडावे म्हणून कारागिराने कितीतरी फरश्या मापाने कापलेल्या असतात. एके काळी शहाबादी फरशी छिन्नी-हातोडीने घडवली जात असे. आज घरोघरी बसणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल आणि ग्रॅनाइट यांसारखा कठीण माल बहुधा विजेच्या यंत्रानेच कापला जातो. यंत्राने काम झपाट्याने होऊ लागले; परंतु त्याच झपाट्याने धूळही उडू लागली. ही धूळ जागच्या जागी बसवण्यासाठी पाण्यावर चालणारे फरशी कापण्याचे यंत्र उपयोगी पडते. मात्र ते नीट हाताळले आणि त्याची निगा राखली, तरच त्याचा लाभ मिळतो.

न दिसणारी धूळ

व्हिट्रिफाइड टाइल ही चिकणमाती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांच्या मिश्रणापासून बनते. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. ग्रॅनाइट आणि वालुकाश्म यांतही तो विपुल असतो. स्वयंपाकघरातील ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लादीत सिलिकाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात असू शकते. अशा लादीच्या कामामुळे कामगारांना जडणारे विकार लक्षात घेऊन ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदी घातली.

कोरड्या फरशीवर पाते फिरले की पांढरा लोट उठतो. डोळ्यांना दिसणारे जाड कण नाकाघशातच अडकतात. खरा धोका असतो तो केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक अशा कणांचा. ते थेट फुप्फुसाच्या खोल कप्प्यांत पोहोचतात आणि तेथे व्रण निर्माण करतात. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. प्रारंभी चढण चढताना दम लागतो, कोरडा खोकला येतो; पुढे साधी हालचालही कठीण होते. सामान्यतः अनेक वर्षांच्या कामानंतर तो प्रकट होतो, पण धूळ फार असल्यास थोड्याच वर्षांत गाठतो. तो बरा करणारे औषध नाही. सिलिकोसिस झालेल्यास क्षयाचा धोकाही वाढतो, आणि दोन्ही रोगांची लक्षणे मिळतीजुळती असल्याने मूळ रोग अनेकदा ओळखलाच जात नाही.

मध्य प्रदेशातील मंदसौर येथील पाटीवरच्या पेन्सिली बनवण्याच्या उद्योगात दगड करवतीने कोरडाच कापला जात असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील कामगारांची तपासणी केली, तेव्हा ऐन तारुण्यात सिलिकोसिसने ग्रासलेले अनेक जण आढळले. दगड कापणाऱ्या प्रत्येक व्यवसायाने ध्यानात ठेवावा असा हा धडा आहे.

पाते कापते कसे?

या यंत्राच्या पात्याला करवतीसारखे दात नसतात. हिऱ्याचे बारीक कण धातूच्या भुकटीत मिसळून, दाबून आणि तापवून पात्याची कड तयार केलेली असते. हे कण फरशी घासत जातात. एक कण झिजला की भोवतालचा धातूही झिजतो आणि खालचा ताजा कण उघडा पडतो. टाइलसाठी अखंड कडेचे पाते वापरावे, म्हणजे चकाकीचा थर टवकत नाही. खाचा असलेले पाते काँक्रीट आणि जाड दगडासाठी असते.

यंत्रातील लहानसा पंप खालच्या कुंडातील पाणी पात्यावर सोडतो. हे पाणी तीन कामे करते : पाते थंड ठेवते, कापातील चुरा धुऊन काढते आणि धूळ उडण्यापूर्वीच भिजवते. पाणी तुटले की पाते तापते, वाकते आणि फरशीला तडा जातो. पात्याचे नुकसान कारागिराला तत्काळ दिसते. फुप्फुसाचे मात्र दिसत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये झालेल्या नियमाने हवेतील अशा धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम इतकी ठरवली. पात्यावर अखंड पाणी सोडणारे मेजावरील यंत्र सूचनेबरहुकूम चालवल्यास वेगळ्या मुखपट्टीची सक्ती त्या नियमात नाही. पाण्याचे महत्त्व यावरून कळून येते. याउलट, कोरड्या कापाच्या वेळी तोंडाला बांधलेला गमछा हे बारीक कण मुळीच अडवत नाही.

पाणी आणि वीज

जे पाणी फुप्फुस राखते, तेच विजेशी गाठ पडली तर जीव घेते. म्हणून यंत्राला तीन पिनांचा प्लग आणि खात्रीचे अर्थिंग हवे. उघड्या तारांची टोके सॉकेटमध्ये खोचून आगपेटीच्या काड्यांनी घट्ट करण्याची सवय प्राणघातक आहे. गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअर क्षमतेचे सुरक्षा उपकरण जोडणीत असावे आणि त्याचे चाचणी-बटण रोज दाबून पाहावे. वायर सॉकेटपाशी पोहोचण्यापूर्वी थोडी खाली लोंबती ठेवावी. वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोळातच गळून पडते, सॉकेटपर्यंत जात नाही. ओल्या हाताने प्लग काढू नये आणि साचलेल्या पाण्यात उभे राहून काम करू नये.

अनेक ठिकाणी हातात धरायचे कटर चालू असताना मदतनीस बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पात्यावर पाणी ओततो. धूळ बसावी हा हेतू योग्य असला, तरी ज्या कटरला उत्पादकाने पाण्याची जोडणी दिलेली नाही, त्याच्या मोटरीत पाणी शिरून झटका बसू शकतो. शिवाय मदतनिसाचा हात फिरत्या पात्याजवळ येतो. अशा कामासाठी पाण्याची सोय असलेलेच यंत्र वापरणे इष्ट.

प्रत्यक्ष कापताना

यंत्र सपाट, न हलणाऱ्या जागी मांडावे. सुरू करण्यापूर्वी पात्याला तडा नाही, नट घट्ट आहे, संरक्षक झाकण जागेवर आहे आणि पात्यावरील बाण फिरण्याच्या दिशेकडे आहे, याची खात्री करावी. पात्यावर लिहिलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी असता कामा नये. १८० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने उडालेला तुकडा डोळा घेऊ शकतो. म्हणून चष्मा हवाच, आणि आवाजापासून कानांचे रक्षणही हवे. गमछा, ओढणी, पदर, सैल बाही किंवा सैल हातमोजे पात्यात ओढले जाण्याचा धोका असतो.

पाणी पात्याच्या दोन्ही बाजूंना पोहोचू लागल्यावर आणि पात्याने पूर्ण वेग घेतल्यावरच फरशी पुढे सरकवावी. ती आधारपट्टीला टेकवून दोन्ही हातांनी धरावी. हात पात्याच्या रेषेत येऊ देऊ नयेत. जोर लावू नये, पात्याला आपल्या गतीने कापू द्यावे. मध्येच फरशी तिरपी केल्यास पाते अडकते आणि तुकडा अंगावर उसळतो. शेवटचा बोटभर काप अगदी सावकाश घ्यावा, नाहीतर कोपरा तुटतो. बोटांनी धरावा लागेल इतका लहान तुकडा यंत्रावर कापू नये. कापलेला तुकडा पाते पूर्ण थांबल्यावरच उचलावा.

कामानंतरची निगा

दिवसाचे काम संपले की प्रथम प्लग काढावा, मग सफाईस हात घालावा. कुंडातील गढूळ पाणी रोज बदलावे. तळाशी साचलेला गाळ रात्रभर राहिला तर घट्ट बसतो, पंपाची जाळी बुजते आणि दुसऱ्या दिवशी धार बारीक होते. जाळी व नळी धुऊन पंप थोडा वेळ स्वच्छ पाण्यात चालवावा. पंप कोरडा फिरवू नये. सरकता तक्ता व त्याच्या पट्ट्या पुसून कोरड्या कराव्यात. वायरीचे आवरण फाटले असल्यास चिकटपट्टीवर न भागवता वायरच बदलावी.

गाळ वाळला की तीच घातक धूळ पुन्हा मोकळी होते. म्हणून तो ओला असतानाच गोळा करावा. वाळलेली जमीन झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. गाळ मोरीत सोडल्यास नळ घट्ट तुंबतो. बादलीत पाणी निवळू द्यावे आणि खालचा गाळ पोत्यात भरून बांधकामाच्या राडारोड्याबरोबर पाठवावा.

पाते मंद कापू लागले, ठिणग्या दिसू लागल्या, तर हिऱ्याच्या कणांवर चकाकी चढली असे समजावे. पाणी चालू ठेवून धार उघडण्याच्या खास दगडात काही हलके काप घेतले की नवे कण उघडे पडतात. पाते थरथरत असेल किंवा त्याला तडा दिसला, तर ते निकामी समजून टाकून द्यावे.

जबाबदारी सर्वांची

सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग म्हणून १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात समाविष्ट झाला. परंतु फरशी बसवणारा कारागीर आज या इमारतीत तर उद्या त्या इमारतीत काम करतो. त्याच्या छातीची नोंद ठेवणारे सहसा कोणी नसते. महाराष्ट्रात २०११ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. त्याकडे नोंदणी करणे आणि आपण दगड-टाइल कापण्याचे काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगणे कारागिराच्या हिताचे आहे. खोकला दीर्घकाळ राहिल्यास छातीचे क्ष-किरण चित्र काढून घ्यावे.

ठेकेदाराने यंत्र, अर्थिंग आणि चष्मा पुरवावा. गृहस्वामीनेही पाण्याची एक बादली आणि योग्य वीजजोडणी देण्यात हयगय करू नये, तसेच काम लवकर आटोपण्यासाठी कोरडे कापण्याचा आग्रह धरू नये. फरशी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ती बसवणाऱ्याचा श्वासही तितकाच टिकावा, यासाठी लागते ती केवळ पाण्याची एक अखंड धार आणि ती अखंड ठेवण्याची दक्षता.