लोखंडी पत्र्याच्या आत फरशी कशासाठी?

अटल सेतू असो की बेलापूर-पेंधर मेट्रो, नवी मुंबई परिसरात उभ्या राहिलेल्या या कामांची खडी-वाळू आधी कुठल्या ना कुठल्या लोखंडी हॉपरमधून, चूटमधून घसरत खाली आली आहे. पत्रा कितीही जाड असो, घासून घासून पातळ होतो आणि एक दिवस भोक पडतं.

मग वेल्डर आत उतरून थिगळ लावतो. हे काम वाटतं तितकं साधं नाही. बंद जागा, कोंडलेली हवा, वेल्डिंगचा धूर आणि भिंतीला चिकटलेला माल अंगावर ढासळण्याची भीती. म्हणजे झीज कमी झाली की फक्त पैसे वाचत नाहीत, माणसाला आत उतरावंही कमी वेळा लागतं.

झीज होते कशी? मोह्स मापनात हिऱ्याचा कठीणपणा 10. वाळूतलं क्वार्ट्झ 7 आणि साधं पोलाद जेमतेम 4 ते 5. मऊ वस्तूवर कठीण वस्तू घासली की ओरखडा पडणारच. अ‍ॅल्युमिना सिरॅमिकचा कठीणपणा मात्र 9 च्या आसपास असतो, वजनही पोलादाच्या निम्मं. म्हणून पत्र्याला आतून त्याच्या फरश्या चिकटवतात. बाथरूमच्या टाइल्सशी नातं फक्त नावापुरतं!

खरी परीक्षा औष्णिक वीज केंद्रात. चंद्रपूरचं 2,920 मेगावॉटचं केंद्र घ्या. आपल्याकडच्या कोळशात राख बरीच, अनेकदा 30 टक्क्यांहून जास्त, आणि राखेत क्वार्ट्झ. कोळशाची पूड गरम हवेच्या झोतानं पाइपातून बॉयलरकडे जाते. वेग दुप्पट झाला तर झीज चौपट किंवा त्याहूनही जास्त होते आणि सगळ्यात जास्त मार बसतो तो पाइपाच्या वळणाला. तिथं भोक पडलं तर बाहेर येते ती पेट घेणारी पूड. त्यामुळे अशा वळणांना आतून सिरॅमिकचं अस्तर देतात.

मग सगळीकडे हेच का लावत नाहीत? कारण सिरॅमिक ठिसूळ असतं. माल घसरत जातो तिथं ते उत्तम, पण उंचावरून मोठा दगड थेट आदळला की तडकतं. अशा जागी फरशीमागे रबर घालतात, म्हणजे धक्का रबर पचवतं. नाहीतर सरळ कठीण पोलादाची प्लेट. फार उष्णतेत गोंद सैल पडतो, तिथं मधे भोक असलेली फरशी पत्र्याला वेल्ड करतात.

फरश्या बसवताना विटांच्या भिंतीसारखी सांधमोड करावी लागते. सांधे एका रेषेत आले की बारीक माल त्याच फटीतून वाट काढतो, मागचा गोंद कुरतडतो. एक फरशी निखळली की शेजारचीची कड उघडी पडते.