शिकवलेले हातात उतरले पाहिजे

‘प्रशिक्षण’ म्हटले की डोळ्यांपुढे ठरावीक चित्र येते. सभागृह, हारतुरे, उद्‌घाटनाचे भाषण, चहा-नाश्ता आणि शेवटी प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी कर्मचारी कामावर परततो आणि काल करीत होता तेच आज करू लागतो. मग वरिष्ठ म्हणतात, ‘या लोकांना शिकवून उपयोग नाही.’ दोष शिकणाऱ्याचा की शिकवण्याच्या रीतीचा, हे मात्र कोणी तपासत नाही.

उत्तरासाठी विदर्भाबाहेर जायला नको. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत, थोडेबहुत शिकलेल्या तिथल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे, वेळ पडल्यास इंजेक्शन देणे, सारे प्रत्यक्ष करून. डॉक्टर नियमाने गावात येत, नोंदी तपासत, चूक तिथेच दुरुस्त करीत. हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात दगावणारी बाळे सुमारे ६२ होती. १९९७-९८ मध्ये ती सुमारे २५ वर आली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभरातील ‘आशा’ताईंकडे हे काम आले. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या आपल्या तालुक्यांतील आशाताईही तेच करतात. दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी ठरलेल्या. बाळ दूध ओढत नाही, नुसते झोपून आहे. घरच्यांना ते शांत वाटते. ताई मात्र घड्याळ लावून श्वास मोजते. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर तिला धोका कळतो आणि ती दवाखाना गाठायला लावते. सरकारदरबारी ती कर्मचारी नव्हे, ‘स्वयंसेविका’. पण तिच्या शिक्षणावर एक जीव अवलंबून असतो.

जिनिंगमधला कामगार असो, एसटीचा चालक असो की बँकेच्या खिडकीवरचा कारकून, रीत हीच लागू पडते. रोजचे काम काय, ते ओळखावे. ते हाताने करून घ्यावे. पुन्हा जाऊन पाहावे आणि चुकले तर न रागावता दाखवावे. यातली तिसरी पायरी आपण हमखास गाळतो, कारण तिला वेळ लागतो आणि तिचे छायाचित्र छापून येत नाही. तेव्हा पुढच्या प्रशिक्षणवर्गाला किती जण हजर होते, यापेक्षा सहा महिन्यांनी किती जणांचे काम सुधारले, एवढे विचारले तरी पुष्कळ होईल.