सरकारी शाळा आणि गावाची वर्गणी : कोल्हापूरच्या सव्वाशे वर्षांचा मागोवा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिरलं की पंख्याच्या पात्यांवर, कपाटाच्या दारावर, पाण्याच्या टाकीवर रंगवलेली नावं दिसतात. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ पंखा दिलेला असतो, कुणा माजी विद्यार्थ्यांनी मिळून टीव्ही, तर गावच्या दूध संस्थेने बाकं. इकडे याला ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात. सव्वाशे वर्षांची वाटचाल पाहिली, तर समाजाचा हा हातभार कधी मुलांच्या शिकण्यापर्यंत पोचला आणि कधी भिंतीपाशीच थांबला, हे नीट उमगतं.

सुरुवात राजर्षी शाहू महाराजांपासून करावी लागते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगही. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत वसतिगृह आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभं राहिलं. दरबाराने जागा, इमारत किंवा अनुदान द्यायचं आणि समाजातल्या जाणत्यांनी संस्था चालवायची, अशी साधारण रीत होती. मुस्लिम बोर्डिंगच्या संस्थेचं अध्यक्षपद तर महाराजांनी स्वतःकडे घेतलं.

प्राथमिक शाळा मात्र त्यांनी कुणाच्या देणगीवर सोडली नाही. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला आणि १९१८ मध्ये करवीर पेट्यातल्या चिखलीपासून अंमल सुरू झाला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम झाला. गावाच्या मर्जीवर सोडलं असतं, तर हे होणं कठीण होतं. प्रत्येक मुलाचा हक्क राज्याने सांभाळायचा आणि त्यापुढची वाट रुंद करायला समाजाने पुढे यायचं, ही वाटणी महाराजांनी घालून दिली.

त्याच मातीतून कर्मवीर भाऊराव पाटील आले. जन्म हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा, शिकायला असताना मुक्काम कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात. १९१९ मध्ये त्यांनी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. घराघरातून मूठभर धान्य गोळा करून वसतिगृहातल्या मुलांचं जेवण चालायचं. ज्या बाईने पिठाच्या डब्याशेजारी रयतेसाठी मूठ काढून ठेवली, तिला ते वसतिगृह आपलं वाटलं. गावाने शाळेला द्यायची ती पहिली गोष्ट म्हणजे हा आपलेपणा.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक तेव्हा देशाच्या शिक्षणाचा विचार करत होते. ते सदस्य-सचिव असलेल्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के वाटा शिक्षणावर खर्च व्हावा असं सुचवलं. तो आकडा देशाने अजून गाठलेला नाही. त्यामुळे शाळेच्या खर्चात जी खोट राहिली, ती गावाने वर्गणी काढून भरली.

२००१ मध्ये सर्व शिक्षा अभियान आलं आणि एक लहानशी तरतूद फार मोलाची ठरली. अध्यापन साहित्यासाठी प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळू लागले. रक्कम किरकोळ, पण ती थेट शिक्षकाच्या हाती पडली. त्यातून पुठ्ठे, मणी, स्केचपेनं, ऑइलपेंटचा डबा यायचा. फरशीवर एक ते शंभर संख्यांची रेघ आखली की पहिलीची पोरं तिच्यावर उड्या मारत बेरीज-वजाबाकी शिकायची. दहा काड्यांना रबर लावून दशकाचा गठ्ठा केला की सदतीस म्हणजे तीन गठ्ठे आणि सात सुट्या, हे मुलाच्या बोटांना कळायचं. तीन गठ्ठे फळ्यावर काढून दाखवणं वेगळं आणि स्वतः सोडून पुन्हा बांधणं वेगळं. हा फरक करायला शिक्षकाला सुचलेलं लगेच अंमलात आणण्याइतका पैसा पुरेसा होता.

२०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटानुसार एकत्रित अनुदान मिळतं. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंतच्या शाळेला २५,०००. त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल भागवायचं. मग शिकवण्याच्या साहित्यासाठी उरतं ते फार थोडं.

दरम्यान २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर उठावाला जोर आला. २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला देणग्या जाहीर होऊ लागल्या. डिजिटल वर्ग झाले, कमानी उभ्या राहिल्या, भिंती रंगल्या. गावाने मनापासून केलं, याबद्दल कृतज्ञताच हवी. पण देणगीदाराला दिसणारी वस्तू आवडते आणि शिक्षकाची गरज बहुधा न दिसणारी असते. गोष्टींची शंभर पुस्तकं कमानीपेक्षा स्वस्त असतात आणि दहा वर्षं मुलांच्या हातात फिरतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. नदीकाठच्या शाळांत पुस्तकं, दप्तरं, बाकं भिजली. तेव्हा राज्यभरातून मदत आली आणि शाळा पुन्हा भरल्या. संकटात माणसं देतात हे कोल्हापूरने अनुभवलं. प्रश्न उरतो तो एरवीच्या वर्षांचा, आणि ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही अशा शाळांचा.

अमेरिकेचा अनुभव इथे डोळ्यांसमोर ठेवावा. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मालमत्ता करावर मर्यादा आली, सरकारी शाळांचा निधी आटला आणि गावोगावी शिक्षण प्रतिष्ठानं निघाली. ती शिक्षकांकडून अर्ज मागवून लहान लहान अनुदानं देतात. पद्धत चांगली, पण श्रीमंत वस्तीच्या शाळेला भरपूर मिळतं आणि गरीब वस्ती मागे राहते. आपल्याकडेही तेच घडतं. ऊस आणि दूध असलेल्या गावात उठाव लाखांत जातो. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीतल्या धनगरवाड्यावर वर्गणी मागायची कुणाकडे? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने देणगीदारांना शाळा दत्तक देण्याची योजना आणली, तेव्हा झालेला विरोध याच काळजीतून होता. शाळा सरकारची जबाबदारी आहे. देणगी आली म्हणून ती जबाबदारी हलकी होत नाही.

मग करायचं काय? जिल्ह्याचा एक सामाईक शिक्षण निधी उभा करावा. साखर कारखाने, दूध संघ, उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावचे कारखानदार, पुण्या-मुंबईत स्थिरावलेले माजी विद्यार्थी यांनी त्यात भर घालावी. शिक्षकाने एका पानाचा अर्ज करावा : मुलांना काय अडतंय, काय हवंय, किती लागेल. निवड अनुभवी शिक्षकांनी करावी, रक्कम महिन्याच्या आत पोचावी आणि निम्मा निधी लहान पटाच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांसाठी राखून ठेवावा. शिक्षकांच्या जागा भरणं, इमारत आणि वीजबिल हे सरकारकडून ठणकावून मागावं, त्यासाठी या निधीतला एक रुपयाही जाऊ देऊ नये.

शाहू महाराजांनी जैन, मराठा, मुस्लिम, लिंगायत अशा साऱ्या समाजांना देण्याची सवय लावली. आता ती सवय आपल्या गावाच्या वेशीबाहेर न्यायची आहे. करवीरच्या माणसाने गगनबावड्याच्या मुलासाठी दिलेली वर्गणी हा या परंपरेचा पुढचा टप्पा आहे, आणि तो गाठण्याइतकी ऐपत या जिल्ह्यात नक्की आहे.