वेड्यावाकड्या अक्षरांचा भुर्दंड

संगणकावरून सरकारी कार्यालयाकडे अर्ज करणाऱ्या नागरिकापुढे अनेकदा वेड्यावाकड्या अक्षरांचे एक चित्र येते. ती अक्षरे ओळखून लिहिली म्हणजे अर्जदार माणूस आहे, यंत्र नव्हे, असे मानले जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम प्रभृतींनी या परीक्षेला ‘कॅप्चा’ हे नाव दिले. अक्षरे जितकी विद्रूप तितकी सुरक्षितता अधिक, हा समज तेव्हापासून रूढ आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले की, सुटे अक्षर कितीही वाकविले तरी ते ओळखण्यात यंत्र माणसाला हार जात नाही. त्याला अवघड जाते ते एक अक्षर कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे ठरविणे. तेव्हा अक्षरांचे वळण स्वच्छ ठेवून ती एकमेकांस चिकटविणे, आणि शून्य व ‘ओ’ यांसारख्या फसव्या जोड्या गाळणे, एवढे तरी रचनाकारास सहज शक्य होते. प्रत्यक्षात करड्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरे आणि वर ठिपक्यांची रांगोळी! साठी ओलांडलेल्या वाचकाने तेथे काय करावे?

सुरक्षितता म्हणजे अखेर चोराच्या खर्चाचा हिशेब. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील अभ्यासकांनी २०१० साली हा बाजारच तपासला. अशी एक हजार कोडी मजुरांकरवी सोडवून घेण्याचा दर एक डॉलरच्या आसपास, क्वचित त्याहूनही कमी आढळला. अल्प वेतनावर राबणारा हा मजूर माणसाच्याच डोळ्यांनी वाचतो. अक्षरे आणखी विद्रूप केल्याने त्याचा दर फारसा चढत नाही. प्रामाणिक अर्जदाराचा वेळ मात्र वाढत्या प्रमाणात खर्ची पडतो, आणि तो कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. अंध व्यक्तीला तर प्रवेशच नाकारला जातो. तिच्यासाठी दिलेल्या ध्वनीतही यंत्राला चकविण्याकरिता गोंगाट मिसळलेला असतो.

पुढे २०१४ साली गूगलनेच जाहीर केले की, सर्वांत विद्रूप अक्षरेही यंत्र ९९.८ टक्के अचूकतेने वाचू शकते. त्यानंतरही अनेक सार्वजनिक संकेतस्थळांनी हे कुलूप तसेच ठेवले. वस्तुतः एकाच संगणकाकडून लागोपाठ येणाऱ्या मागण्यांवर मर्यादा घालता येते आणि काही प्रयत्न फसल्यावरच कोडे पुढे करता येते. त्यासाठी लागणारी तजवीज कार्यालयाला स्वतःच्या खर्चाने करावी लागेल. आज तो खर्च अर्जदाराच्या माथी आहे.