कच्चे काम आत, उत्तर बाहेर

वर्गातील 40 मुलांच्या गुणांची बेरीज संगणकाकडून करून घ्यायची आहे. प्रत्येकाचे विषय 6. मुख्य प्रोग्रॅममध्ये ‘क’ हा चल हजेरी क्रमांक मोजतो. सहा गुण विचारून त्यांची बेरीज करण्याचे काम आपण एका उपप्रोग्रॅमकडे सोपवतो. समजा, तिथेही विषय मोजण्यासाठी ‘क’ हेच नाव वापरले गेले. मग काय होईल?

1964 साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी बेसिक ही भाषा तयार केली. तिच्यात ‘गोसब’ या आज्ञेने उपप्रोग्रॅमकडे जाता येई, पण चलांची नावे दोन्हीकडे सामाईक असत. पहिल्या मुलाच्या वेळी क = 1 असतो. उपप्रोग्रॅम सहा विषय मोजून बाहेर येतो तेव्हा क = 7 झालेला असतो. त्यामुळे पहिल्या मुलाची बेरीज सातव्याच्या नावापुढे लिहिली जाते! नंतर क एकने वाढून 8 होतो, उपप्रोग्रॅम त्याला पुन्हा 7 करतो आणि हे चक्र थांबतच नाही. संगणक मात्र ‘चूक झाली’ असे म्हणत नाही.

यावर उपाय म्हणजे चलाची व्याप्ती मर्यादित करणे. सातवी ‘अ’ आणि सातवी ‘ब’ या दोन्ही वर्गांत 7 नंबरचा विद्यार्थी असतो, तरी घोटाळा होत नाही. कारण तो नंबर त्या वर्गापुरताच असतो. पायथनसारख्या भाषेत फंक्शनच्या आत ज्या नावाला किंमत दिली जाते ते नाव, वेगळे सांगितले नसेल तर, त्या फंक्शनपुरतेच असते. फंक्शन वापरले की दर वेळी नवा ‘क’ तयार होतो आणि काम संपले की नाहीसा होतो. बाहेरच्या ‘क’ला धक्का लागत नाही.

पण मग आत काढलेली बेरीजही आतच राहणार! ती बाहेर कशी आणायची? त्यासाठी ‘रिटर्न’ ही आज्ञा आहे. येथे विद्यार्थी हमखास चुकतात. ते ‘रिटर्न’ऐवजी ‘प्रिंट’ लिहितात. समजा गुण 62, 71, 58, 80, 66 आणि 83 आहेत. पडद्यावर 420 दिसते, म्हणून विद्यार्थ्याला वाटते की काम झाले. पण सरासरीसाठी त्या उत्तराला 6 ने भागायला गेलो की पायथन अडतो. फंक्शनने 420 दाखवले, पण परत काहीच दिले नाही. हाती आला तो ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’. ‘रिटर्न’ लिहिले असते तर 420 भागिले 6, म्हणजे 70 ही सरासरी मिळाली असती.

हा फरक संगणकाशिवायही वर्गात दाखवता येईल. एका विद्यार्थ्याला सहा गुणांची चिठ्ठी देऊन बाहेर पाठवावे. त्याने स्वतःच्या कागदावर बेरीज करावी, तो कागद फाडून टाकावा आणि फक्त उत्तराची चिठ्ठी आणून द्यावी. दुसऱ्या वेळी त्याने दारातूनच उत्तर मोठ्याने सांगावे, पण चिठ्ठी कोरीच आणावी. आता फळ्याजवळच्या विद्यार्थ्याला सांगावे, की ऐकलेले विसर आणि केवळ हातातल्या चिठ्ठीवरून सरासरी काढ. तो का अडला, हे मुलांनाच सांगू द्यावे.